‘मी तर घरात कधी आवाज चढवला नाही’ : एका केसची पूर्ण नोंद

ही केस लिहावी की नाही यावर बरेच महिने घालवले. आता त्याची आणि त्याच्या बायकोची परवानगी आहे, दोघांनी वाचून हो म्हटलंय, आणि ओळख पटेल असं जे जे होतं ते काढलंय नाहीतर बदललंय, त्यामुळे नाव गाव काही मिळणार नाही, नुसतं ‘तो’ म्हणते.

तो ३९ वर्षांचा. नोकरी चांगली, लग्नाला ११ वर्षं झालेली, ७ वर्षांची मुलगी. माझ्याकडे आला तो पोटासाठी. पोट दुखायचं, पहाटे तीनला जाग यायची म्हणजे यायचीच, मग परत डोळा लागायचा नाही, दोन वर्षांत सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या, एंडोस्कोपी सुद्धा, आणि प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल. शेवटी त्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं की एकदा काउन्सेलरला भेटून बघा. बायको सोबत आली होती आणि तिची तक्रार भलतीच होती. ती म्हणाली, "हा भांडतच नाही हो. अकरा वर्षं झाली, मला याच्याशी एकदा तरी कडाकडा भांडायचंय." आणि हे म्हणताना तिचे डोळे भरले होते. काही बिनसलं की तो गप्प होतो, एखादा तास नाही, तीन तीन दिवस, कधी अख्खा आठवडा. जेवतो, कामं करतो, मुलीचा अभ्यास घेतो, विचारलं तर हो-नाही म्हणतो, पण घरात नसतो. तिच्या शब्दांत, "माणूस समोर बसलेला असतो आणि आत कोणीच नसतं."

पहिल्या सेशनला मी माझ्या नेहमीच्या सवयीने विचारलं, लहानपण कसं होतं. "नॉर्मल होतं. वडील जरा कडक होते, पण तसं काही नव्हतं आमच्याकडे." हे ‘तसं काही नव्हतं’ मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की मी वहीत एक बारीक खूण करून ठेवते. दुसरी खूण मी आधीच केली होती, कारण आत आल्या आल्या त्याने खुर्ची थोडी फिरवून घेतली होती, दार दिसेल अशी. आणि तिसरी अशी की बोलता बोलता मी एकदा घड्याळाकडे नुसती नजर टाकली तर तो वाक्य अर्धवट सोडून म्हणाला, "सॉरी, मी फार वेळ घेतोय का?" अर्ध्या सेकंदाची नजर होती ती. बऱ्याच जणांच्या ती लक्षातही आली नसती.

ऑफिसमधे तो सगळ्यांचा आवडता. शांत, कधी चिडत नाही, काय बिघडणार आहे हे याला आधीच कळतं. पण त्याची किंमत तो कशी मोजत होता ते बघा. साहेबांचा मेसेज आला, "फ्री झालास की ये", एवढाच, की याच्या हातापायातलं बळ जायचं, गेल्या महिन्याभरात आपलं काय काय चुकलं असेल याची यादी डोक्यात सुरू, आणि आत गेल्यावर कळायचं की एक फाईल कुठे ठेवलीये एवढंच विचारायचं होतं. दोनदा प्रमोशन नाकारलेलं, कारण वरच्या पोस्टला लोकांना नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते त्याला बघवत नाही.

आता बालपण. हे एका सेशनमधे आलेलं नाही, चार-पाच महिन्यांत तुकड्या तुकड्याने आलं, मी इथे एकत्र सांगतेय.

वडील रोज मारायचे नाहीत, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. रोज मारणारा माणूस असेल तर मुलाला निदान माहीत तरी असतं. इथे आज काय होणार ते दार उघडेपर्यंत कळायचं नाही. म्हणून तो कानाने ओळखायला शिकला. वडील जिना चढून यायचे, मग कुलपात चावी घालायचे, आणि चावी पहिल्याच फटक्यात बसली तर दिवस बरा. दोनदा तीनदा खडखड झाली तर नाही. मग चपला, हळू काढून ठेवल्या की फेकल्या. मग चावी टेबलावर कशी पडली. एवढं सगळं दहा-बारा सेकंदांत व्हायचं आणि तेवढ्यात या आठ वर्षांच्या पोराला ठरवायचं असायचं की आज बहिणीला घेऊन बाथरूममधे जायचंय की नाही. जायचं ठरलं की तो तिला आत न्यायचा, कडी लावायचा आणि नळ पूर्ण सोडायचा. बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून. मार आईला पडायचा. आई नंतर चेहरा धुवून यायची आणि म्हणायची, "तू शहाणा आहेस ना, काही बोलू नकोस, बोललं की वाढतं." तो बोलला नाही. आणि खरंच, तो गप्प राहिला की वाढायचं नाही, किंवा त्याला तरी तसं वाटायचं. आठ वर्षांच्या मुलाच्या हिशोबात हा नियम पक्का बसला: मी आवाज केला नाही तर कोणी मरणार नाही.

"पण मला कुठे मारलं," हे तो मला कितीतरी वेळा म्हणाला. त्याच्या लेखी ट्रॉमा (मनाला बसलेला खोल धक्का) म्हणजे ज्याला मार बसतो त्याचा, बघणाऱ्याचा नाही. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की मला त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं, कारण त्यापायी कितीतरी लोक मदतच मागत नाहीत. विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १९९५ ते १९९७ या काळात अमेरिकेत सॅन दिएगोला १७,००० पेक्षा जास्त प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं, पहिला निबंध १९९८ ला आला, तर त्यांच्या प्रश्नांमधे घरात आईला मारहाण होताना बघणं हा स्वतंत्र प्रकार होता, स्वतःला मार बसण्याच्या शेजारी, त्याच यादीत. आणि ती माणसं कोणी विशेष पिडलेली नव्हती, बहुतेक मध्यमवर्गीय, शिकलेली, विमा असलेली, रुटीन तपासणीला आलेली. तरी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी त्या यादीतला किमान एक अनुभव सांगितला. चार किंवा जास्त अनुभव असलेल्यांमधे डिप्रेशन, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त निघालं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ पायाकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे हे मोजतात?" मी म्हटलं हो, मोजतात.

मात्र मी त्याचा स्कोअर, म्हणजे यादीतले किती अनुभव त्याच्या वाट्याला आले तो आकडा, काढला नाही, काढतही नाही कोणाचा. लोक नेटवर ती दहा प्रश्नांची टेस्ट करतात आणि सहा आले, सात आले म्हणून घाबरून जातात. तो आकडा मोठ्या लोकसंख्येबद्दल काही सांगतो, एका माणसाचं भविष्य सांगत नाही, आणि हे खुद्द अँडांनी २०२० मधे सहकाऱ्यांसोबत लिहून स्पष्ट केलंय. रोज काय वाटायचं, कोण जवळ होतं, किती वयात झालं, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

पोट का दुखत होतं, तर शरीराला धोक्याची घंटा बंद करायला कोणी सांगितलंच नव्हतं. धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग अलार्म वाजवतो, अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं सुटतात, छाती धडधडते, पोटाचं काम मागे पडतं, कारण त्या क्षणी पचनापेक्षा पळणं महत्त्वाचं. धोका गेला की हे उतरायला हवं. पण ज्या घरात धोका कधी येईल हे माहीत नाही तिथे ते पूर्ण उतरतच नाही, आणि वाढत्या वयात वर्षानुवर्षं असं राहिलं तर ती यंत्रणा त्याच सेटिंगवर बसते. बालपणी असा ताण काढलेल्यांमधे इरिटेबल बॉवेलचा (तपासण्या नॉर्मल येऊनही पोट दुखण्या-बिघडण्याचा) त्रास जास्त दिसतो हे बऱ्याच अभ्यासांत आलेलं आहे. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल होते आणि त्याचं दुखणंही खरं होतं.

चेहरा वाचण्याचंही तसंच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ सेथ पोलॅक यांनी मुलांना अस्पष्ट चेहरे दाखवून ते हळूहळू स्पष्ट करत नेले (हा प्रयोग २००२ साली छापून आला), तर ज्या मुलांनी मार खाल्लेला होता त्यांना राग इतर मुलांच्या आधीच दिसला, चित्र पुरतं उमटायच्या आत. बाकीच्या भावना मात्र त्यांना इतरांच्या आधी दिसल्या नाहीत. म्हणजे हे कौशल्य आहे, आणि त्या घरात त्याची अत्यंत गरज होती. आज तेच कौशल्य घेऊन तो माझ्या घड्याळाकडच्या नजरेत कंटाळा वाचत होता आणि साहेबांच्या दोन शब्दांत शिक्षा.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. पाचव्या सेशनला मला वाटलं की आता विश्वास बसलाय, आणि मी एका विशिष्ट रात्रीबद्दल विचारलं, नीट, सविस्तर, काय दिसलं, काय ऐकू आलं. तो सांगायला लागला आणि मधेच थांबला. डोळे उघडे, चेहरा कोरा, हाताची बोटं गार पडलेली. आवाज दिला तर ऐकू येत होतं पण उत्तर यायला खूप वेळ लागत होता. त्याला परत आणायला वीस मिनिटं लागली आणि पुढची दोन सेशन तो आला नाही. मी घाई केली होती. आधी माणसाला पाय टेकायला जमीन द्यायची, आठवणींना हात नंतर, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि तरी मी घाई केली. मी त्याला फोन करून माफी मागितली. नंतर कधीतरी तो म्हणाला की मोठ्या माणसाने आपली माफी मागायची त्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती.

मग आम्ही मागे आलो. तीन महिने आठवणी नाहीत, फक्त शरीर. पाय जमिनीला टेकलेत का ते बघणं, श्वास सोडताना लांबवणं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेणं. त्याला आधी हे पोरकट वाटलं. पण आपण गप्प व्हायच्या आधी शरीरात काय होतं हे त्याच्या लक्षात यायला लागलं: जीभ टाळ्याला चिकटते, आणि कानात पाणी पडल्यासारखा आवाज येतो. पाण्याचा आवाज म्हटल्यावर तो स्वतःच थांबला. नळ.

केस खरी वळली ती मात्र माझ्यामुळे नाही. एका संध्याकाळी तो घरी आला, ऑफिसात काहीतरी झालेलं होतं, कोणाला काही बोलला नाही, चावी टेबलावर ठेवली आणि आत गेला. मुलगी हॉलमधे खेळणी पसरून बसली होती. तिने एक अक्षर न बोलता सगळं गोळा केलं, डबा उचलून आपल्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. इतकं हळू की कडीचा आवाज झाला नाही. आईने जाऊन विचारलं, काय गं, खेळ का बंद केलास? ती म्हणाली, "बाबाने चावी जोरात ठेवली."

हे बायकोने माझ्यासमोर, त्याच्या शेजारी बसून सांगितलं. तो आधी म्हणाला, "पण मी तर घरात कधी आवाज चढवला नाही. एकदाही नाही." आणि हे खरं होतं, त्याने तेरा-चौदाव्या वर्षी मनाशी शपथ घेतली होती की मी यांच्यासारखा होणार नाही, आणि ती त्याने अक्षरशः पाळली होती, मुलीवर हात तर सोडाच, आवाज सुद्धा नाही. मग त्याला कळलं. म्हणजे कळताना दिसलं मला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो रडला, आणि रडताना सुद्धा आवाज येऊ दिला नाही.

शपथ त्याने ओरडण्याविरुद्ध घेतली होती, पण मुलाला भीती नुसती ओरडण्याची नसते. आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच न दिसणं हेही फार भीतीदायक असतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग आहे, आई बाळाशी हसत खेळत असते आणि मग सांगितल्याप्रमाणे दोनेक मिनिटं चेहरा पूर्ण निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, सगळे उपाय करून बघतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर मान फिरवून घेतं, कोसळतं. तेही दोन मिनिटांत. याच्या घरात तो चेहरा तीन तीन दिवस असायचा. मुलीला आत काय चाललंय ते माहीत नाही, मग तिने तेच केलं जे तिच्या बाबाने केलं होतं, खुणा शोधल्या.

मी त्याला लगेच ट्रॉनिक यांचंच दुसरं निरीक्षण सांगितलं कारण तो स्वतःला राक्षस समजायला लागला होता. अगदी चांगल्या, सुरक्षित जोड्यांमधे सुद्धा आई आणि बाळ साधारण ३० टक्केच वेळ एकमेकांच्या सुरात असतात. बाकीचा वेळ चुकतं आणि दुरुस्त होतं. दुरुस्ती झाली पाहिजे, हेच महत्त्वाचं. त्याच्या घरी, म्हणजे लहानपणीच्या घरी, सकाळी उठून सगळे काही झालंच नाही असं वागायचे, दुरुस्ती ही गोष्ट त्याने कधी पाहिलीच नव्हती, तर येणार कुठून.

मग आम्ही तिघांनी बसून एक वाक्य तयार केलं. "मी आत्ता बंद पडतोय, तुझ्यावर राग नाही, अर्ध्या तासात येतो." एवढंच. आणि अट अशी की अर्ध्या तासाने यायचंच, बोलायला काही नसलं तरी येऊन शेजारी बसायचं. पहिल्यांदा त्याला हे वाक्य तोंडातून काढायला जमलं नाही, त्याने फोनवर टाईप करून बायकोला पाठवलं, ती पलीकडच्या खोलीत होती. तिने तो मेसेज अजून ठेवलाय. दुसऱ्यांदा तासाभराने आला. मधे पंधरा दिवस काहीच जमलं नाही आणि एक जुन्यासारखा चार दिवसांचा अबोला झाला, दोघंही निराश झाले, बायको म्हणाली मी आता थकलेय. तिच्याबद्दल पण कोणीतरी लिहायला हवं, अशा माणसांचे जोडीदार वर्षानुवर्षं एका बंद दाराशी बोलत असतात आणि सगळं जग त्यांना सांगतं की किती शांत नवरा मिळालाय.

आठवणींचं काम साधारण नवव्या महिन्यापासून सुरू केलं, ते मी एकटीने केलं नाही, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणींवर काम करण्याची थेरपी) शिकलेल्या माझ्या एका सहकाऱ्याकडे पाठवलं आणि आम्ही दोघी संपर्कात राहिलो. त्या दरम्यान क्लिनिकल तपासणीही करून घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमधे, जी २०२२ पासून लागू आहे, कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे वेगळं निदान आहे, नेहमीच्या पीटीएसडीच्या (मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या) लक्षणांसोबत भावना न आवरणं, आपण नालायक आहोत ही पक्की समजूत आणि नाती टिकवताना येणारी अडचण. त्याच्यात यातलं बरंच होतं पण निदान पूर्ण बसलं नाही. निदान बसलं नाही म्हणून त्रास कमी नव्हता, हे त्याला मुद्दाम सांगावं लागलं, नाहीतर तो पुन्हा ‘तसं काही नव्हतं’ वर जाणार होता.

बहिणीशी त्याने याबद्दल कधीच बोललेलं नव्हतं. तीस वर्षं. थेरपी सुरू झाल्यावर दहा-अकरा महिन्यांनी त्याने तिला विचारलं, तुला ते बाथरूम आठवतं का. ती म्हणाली, हो, दादा तू नळ सोडून मला गाणी म्हणून दाखवायचास, आपण पाण्यात बोटी सोडायचो. तिला भीती आठवत नव्हती असं नाही, वडिलांचा राग तिला पक्का आठवतो आणि ती त्यांच्याशी आजही धड बोलत नाही, पण बाथरूम हे तिच्या डोक्यात खेळाचं ठिकाण होतं. गाणी म्हटलेली त्याला अजिबात आठवत नव्हती. हवाईमधल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं माग ठेवला होता, त्यात फार कठीण घरांतली सुद्धा साधारण एक तृतीयांश मुलं सावरून चांगली उभी राहिली आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे लहानपणी कोणीतरी एक भरवशाचं माणूस. बहिणीला ते माणूस मिळालं होतं. तेही आठ वर्षांचं होतं, आणि त्याला स्वतःला कोणी नव्हतं. हे मी त्याला म्हटलं तेव्हा तो पहिल्यांदा त्या मुलाबद्दल बोलला, ‘मी’ न म्हणता, "तो खूप दमला असेल ना?"

वडील अजून आहेत. थकलेत, आजारी असतात, औषधपाणी हाच बघतो. नातेवाईक म्हणतात झालं गेलं विसर, आता काय राहिलंय त्यांचं. त्याने माफ केलेलं नाही. मला विचारलं त्याने, माफ केल्याशिवाय बरं होता येतं का, मी म्हटलं हो, येतं. औषधं तो वेळेवर देतो आणि तासाभराच्या वर तिथे थांबत नाही, आणि ही मर्यादा त्याने स्वतः आखलीये. आयुष्यात त्याने कोणाला म्हटलेला बहुधा हा पहिला ‘नाही’.

आता दीड वर्ष होत आलं. महिन्यातून एकदा येतो. पोट अजून दुखतं, पण रोज नाही, वडिलांकडे जायच्या आदल्या दिवशी हमखास. झोप बरी आहे. बायकोशी एकदा खरंखुरं भांडण झालं, आवाज चढवून, दोघांनी, आणि नंतर तो अर्धा तास बाथरूममधे थरथरत बसला होता, मग बाहेर आला. ती दाराबाहेरच बसली होती.

गेल्या महिन्यात आला तेव्हा बसायच्या आधीच सांगायला लागला. संध्याकाळी घरी गेलो, दिवस वाईट होता, चावी ठेवली, आणि हॉलमधून मुलीचा आवाज आला, "बाबा, चावी जोरात वाजली. चिडलायस का तू?" त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती, पण तो म्हणाला, "हो, चिडलोय. ऑफिसातल्या कामावर. तुझ्यावर नाही." ती म्हणाली, "बरं." आणि खेळत राहिली.

खेळणी तशीच पसरलेली होती, हे त्याने मला दोनदा सांगितलं.